दूध सहा महिने टिकतं, म्हणजे त्यात घातलंय तरी काय?

खोक्यातलं दूध फ्रीजबाहेर पाच-सहा महिने राहतं हे कळलं की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो: यात काहीतरी केमिकल असणारच. साधं दूध उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत धड राहत नाही आणि हे निम्मं वर्ष काढतं, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मग खोकं उलटंपालटं करून घटकांची यादी वाचावी, तर तिथे बहुधा ‘दूध’ एवढंच लिहिलेलं. फार तर तापवताना दूध फाटू नये म्हणून घातलेला एखादा क्षार. प्रिझर्व्हेटिव्हचा पत्ता नाही. शंका फिटण्याऐवजी वाढते, कारण आता वाटतं, लपवलंय.

लपवलेलं काही नसतं. त्या दुधात खरोखरच परिरक्षक, म्हणजे अन्न टिकावं म्हणून मुद्दाम घातलेला पदार्थ, नसतो. दूध टिकतं ते वेगळ्याच कारणानं. उलट चार दिवसांत संपवायच्या साध्या पावात परिरक्षक असू शकतो. एखादी गोष्ट किती दिवस टिकते यावरून तिच्यात काय घातलंय हे ओळखता येत नाही, आणि अन्नाविषयीची आपली निम्मी भीती या एका गैरसमजावर उभी आहे. उरलेली निम्मी अगदी निराधार नाही, तिच्याकडेही येऊ.

## नासणं, बुरसणं, खवट होणं

अन्न बिघडतं म्हणजे नक्की काय होतं? मराठीनं याचं उत्तर क्रियापदांतच देऊन ठेवलं आहे. दूध नासतं, पीठ आंबतं, पाव बुरसतो, तेल खवट होतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं, बिस्किट सादळतं. आपण हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. तेल बुरसलं असं कुणी म्हणत नाही. आणि गंमत अशी की या प्रत्येक शब्दामागे खरोखरच वेगळं कारण आहे.

नासणं आणि आंबणं ही जिवाणूंची आणि यीस्टची कामगिरी. बुरसणं हे बुरशीचं. तेल खवट होतं तेव्हा तिथे सजीव कुणीच नसतं. हवेतला ऑक्सिजन तेलातल्या स्निग्ध आम्लांशी संयोग पावतो आणि त्यातून तो कुबट वास येतो. सफरचंदाचा काळेपणा येतो फळाच्या स्वतःच्या एन्झाइममुळे. एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगानं घडवून आणणारी प्रथिनं. सुरी फिरली की पेशी फुटतात, आत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली द्रव्यं एकत्र येतात, हवा लागते आणि रंग बदलतो. बिस्किट सादळतं ते निव्वळ हवेतला ओलावा शोषून.

शत्रू वेगळे, म्हणून उपायही वेगळे. बुरशी थोपवणारा पदार्थ तेलाचा खवटपणा थांबवू शकत नाही. सफरचंदावर लिंबू पिळलं तर ते गोरं राहतं, पण सादळलेल्या बिस्किटाला लिंबाचा काय उपयोग?

इथे एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगावीशी वाटते. ज्या बिघाडाचा वास येतो, चव बदलते, त्यापासून आपण आपोआप वाचतो, कारण ते अन्न आपण टाकून देतो. आजारी पाडणारे जंतू मात्र बरेचदा वर्दी देत नाहीत. शिजवलेला भात तासन् तास ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढून विष सोडू शकतो. भात दिसायला, वासाला ठीक असतो, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं विषही असंच उकळीला दाद देत नाही. ‘वास तर येत नाहीये’ हा निकष म्हणूनच अपुरा आहे.

## जंतूंच्या गरजा आणि मिठाची युक्ती

सगळं मनासारखं मिळालं तर काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार करत सात तासांत एका जिवाणूचे वीस लाखांवर होतात. त्यांना हवं असतं अन्न, पाणी, ऊब, आणि फार आंबट नसलेली जागा. काहींना हवा लागते, काहींना हवेचं वावडं असतं. माणसानं आजवर शोधलेल्या अन्न टिकवण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती यातली एखादी गरज तोडण्याच्या आहेत.

पाण्याचं उदाहरण सगळ्यात सुंदर आहे. वाळवून पाणी काढून टाकणं हा सरळ उपाय. पण मीठ आणि साखर पाणी न काढताच तेच काम करतात. ते कसं? एखाद्याकडे पैसा भरपूर आहे, पण सगळा मुदत ठेवीत अडकलेला, तर आज बाजारात त्याच्या हातात काही नाही. मिठाचे आणि साखरेचे कण पाण्याच्या रेणूंना असंच धरून ठेवतात. पदार्थात पाणी असतं, पण ते जंतूंच्या हाती लागत नाही. उलट, जंतूच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं.

हे ‘हाती लागणारं पाणी’ मोजण्याचं एक माप आहे, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचं माप १. ताजं मांस किंवा दूध ०.९९ च्या आसपास. ०.९१ च्या खाली अन्न बिघडवणारे बहुतेक जिवाणू हात टेकतात. बुरशी जास्त चिवट, ती आणखी खाली तग धरते. म्हणून जॅममध्ये जिवाणू वाढत नाहीत, पण उघडलेल्या बरणीत वरच्या थरावर बुरशी येऊ शकते. ०.६ च्या खाली कुणीच वाढत नाही. मधात १७-१८ टक्के पाणी असूनही तो वर्षानुवर्षं राहतो तो या हिशोबानं. मात्र वाढत नाही म्हणजे मरतं असं नाही. मधात काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचबंद रूपं, झोपलेले असू शकतात, आणि म्हणूनच एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये असं डॉक्टर बजावतात.

दुसरी गरज आंबटपणाची. आंबटपणा सामूत, म्हणजे पीएचमध्ये, मोजतात: ७ म्हणजे ना आम्ल ना त्याच्या उलट अल्कली, आकडा खाली जाईल तितकं आंबट. अन्नशास्त्रात ४.६ हा सामू लक्ष्मणरेषेसारखा आहे. त्याच्या खाली क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकत नाही, आणि त्याचं विष माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. व्हिनेगरमध्ये मुरवणं, लिंबाचा रस घालणं, किंवा चांगल्या जिवाणूंकडून आम्ल तयार करवून दुधाचं दही करणं, या सगळ्यांचा रोख एकच. दही ही तर विलक्षण कल्पना आहे: एका प्रकारच्या जिवाणूंना घर देऊन बाकीच्यांना दार बंद.

## बाटली, उकळी आणि १२१ अंश

आता त्या दुधाकडे. १७९५ मध्ये फ्रान्सच्या सरकारनं सैन्यासाठी अन्न टिकवण्याची नवी रीत शोधणाऱ्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. निकोला ॲपेर नावाच्या मिठाईवाल्यानं काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बूच मारून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले आणि १८१० मध्ये ते बक्षीस मिळवलं. लुई पाश्चरचा जन्म १८२२ चा. म्हणजे जंतूंमुळे अन्न बिघडतं हे जगाला पटण्याच्या अर्धशतक आधी एका कारागिरानं नुसत्या निरीक्षणावर त्यांचा बंदोबस्त केला होता. माझ्या लेखी विज्ञानाच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे.

पाश्चरच्या नावानं ओळखली जाणारी प्रक्रिया सौम्य असते. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. रोग पसरवणारे जंतू मरतात, पण सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून ते दूध फ्रीजमध्येच ठेवावं लागतं आणि काही दिवसांत संपवावं लागतं.

सगळ्यांचाच नायनाट करायचा तर अडचण बीजाणूंची. परिस्थिती बिकट झाली की काही जिवाणू जाड कवचात स्वतःला बंद करून घेतात. हा बीजाणू. तो साध्या उकळीला, म्हणजे १०० अंशांना, तासन् तास पुरून उरतो. आंबट नसलेलं अन्न डब्यात बंद करायचं तर ते दाबाखाली १२१ अंशांपर्यंत नेतात आणि डब्याच्या मध्यभागी, जिथे उष्णता सर्वांत शेवटी पोचते तिथे, किमान तीन मिनिटांइतका परिणाम मिळेल असं पाहतात. या प्रक्रियेत बोट्युलिनमच्या एक लाख कोटी बीजाणूंतला एखादाच वाचावा असा हिशोब धरलेला असतो. हवाबंद डब्यात ऑक्सिजन नसतो, आणि या जिवाणूला नेमकी तीच जागा आवडते. म्हणून इथे तडजोड नाही. घरी भाज्या बरणीत नुसत्या उकळून महिनोन्‌महिने ठेवण्याचा प्रयोग याच कारणानं जिवावर बेतू शकतो. फुगलेला डबा चव पाहायलासुद्धा उघडू नये तो यासाठीच.

खोक्यातल्या दुधाला १३५ अंशांच्या वर नेतात, पण फक्त दोन-पाच सेकंद. तापमान जितकं वाढवावं तितके जंतू मारायला वेळ कमी लागतो, आणि एवढ्या थोड्या वेळात दुधाची चव व पोषण फारसं बिघडत नाही. मग ते दूध झटकन थंड करून, आधीच निर्जंतुक केलेल्या खोक्यात, निर्जंतुक हवेत भरून बंद करतात. खोक्याच्या आवरणात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर असतात, त्यामुळे उजेड आणि हवा आत शिरत नाही. आत कुणी उरलं नाही, बाहेरून कुणी येत नाही, मग दूध नासवणार कोण? रहस्य एवढंच आहे.

## थंडी फक्त थांबवते

फ्रीजबद्दल थोडक्यात. पाच अंशांच्या खाली जंतूंची वाढ मंदावते, उणे १८ अंशांना थांबते. पण मेलेले फार थोडे असतात, बाकीचे वाट पाहत बसतात. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस नावाचा जिवाणू तर फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो, आणि गरोदर स्त्रियांसाठी तो विशेष घातक आहे. गोठवलेलं अन्न ओट्यावर तासन् तास ठेवून वितळवलं की बाहेरचा थर आतल्याच्या कितीतरी आधी उबदार होतो आणि तिथे घड्याळ सुरू होतं.

## मग ॲडिटिव्ह लागतात कशाला?

ॲडिटिव्ह म्हणजे अन्नात वरून मुद्दाम घातलेला पदार्थ. एवढे उपाय असताना डबीतून काही घालायची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. नुसत्या मिठावर टिकवायचं तर पदार्थ खारट होतो. नुसत्या आम्लावर, तर आंबट. नुसत्या उष्णतेवर, तर मऊ पडतो आणि ताजेपणा जातो. म्हणून अन्नतंत्रज्ञ अडथळ्यांच्या शर्यतीसारखा विचार करतात. एकच उंच भिंत बांधण्याऐवजी पाच-सहा बुटके अडथळे लावायचे: थोडं मीठ, थोडा आंबटपणा, थोडी थंडी, हवाबंद वेष्टन, आणि कणभर परिरक्षक. प्रत्येक अडथळा ओलांडताना जंतूची शक्ती खर्च होते आणि शेवटी तो थकतो.

सोडियम बेंझोएट घ्या. फळांच्या रसांत, सरबतांत, सॉसमध्ये तो साधारण हजारात एक भाग किंवा त्याहून कमी असतो. आंबट पदार्थात त्याचं बेंझोइक आम्ल होतं आणि या रूपात ते जंतूच्या पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतं. आत गेल्यावर आंबटपणा कमी असतो, त्यामुळे ते तिथे आपलं आम्ल मोकळं करतं. मग पेशी ते आम्ल बाहेर फेकण्यातच दमून जाते, वाढायला बळ उरत नाही. आंबट नसलेल्या पदार्थात बेंझोएट घालून उपयोग नाही, कारण तिथे त्याला आत शिरायचं रूपच मिळत नाही. पावातलं कॅल्शियम प्रोपिओनेट बुरशी थोपवतं. तेलकट पदार्थांत ऑक्सिजनशी आधी स्वतः संयोग पावणारे पदार्थ घालतात, म्हणजे तेल वाचतं. जीवनसत्त्व ई हेही त्यातलंच. आणि चिप्सच्या पिशवीत जी ‘हवा’ भरून आपल्याला फसवलं असं वाटतं, तो नायट्रोजन असतो. ऑक्सिजन नसल्यानं चिप्स खवट होत नाहीत आणि गादीसारखा आधार मिळून मोडत नाहीत.

परिरक्षक ही ॲडिटिव्हची एक जात झाली. तेल आणि पाणी एकत्र ठेवणारी इमल्सिफायर, दाटपणा देणारे डिंक, रंग, गोडी देणारे, चव वाढवणारे, हे सगळे याच कुटुंबात मोडतात. ही फोड लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडेल.

## ‘ई’ लागलेला आकडा म्हणजे धोक्याची खूण?

नाही. युरोपात एखादा पदार्थ तपासून अन्नात वापरायला परवानगी मिळाली की त्याला ‘ई’चा क्रमांक मिळतो, १९६२ मध्ये रंगांपासून ही पद्धत सुरू झाली. जगभर चालणारे आयएनएस क्रमांक बहुतेक तेच असतात, फक्त ‘ई’ नसतो. शंभरीत रंग, दोनशेत परिरक्षक, तीनशेत प्रामुख्यानं ऑक्सिडीकरण रोखणारे आणि आंबटपणा सांभाळणारे, चारशेत दाटपणा देणारे आणि इमल्सिफायर अशी ढोबळ वाटणी आहे. ई ३०० म्हणजे जीवनसत्त्व सी. ई ३३० म्हणजे लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल. ई ४४० हे फळांतलं पेक्टिन. ई ९४८ म्हणजे तर आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन, कारण तो काही पाकिटांत भरला जातो. क्रमांक हा ओळखपत्रासारखा आहे. ओळखपत्र पाहून माणूस कोण ते कळतं, स्वभाव कळत नाही.

## पण शेवटी ही रसायनंच ना?

हो. आणि मीठ, पाणी, साखर हीसुद्धा रसायनंच. हे उत्तर खरं असलं तरी ते ऐकून कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये, कारण विचारणाऱ्याला वेगळंच विचारायचं असतं: ‘हे माझ्या मुलाला बाधेल का?’

नैसर्गिक की कृत्रिम, या कसोटीवर त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. बोट्युलिनमचं विष शंभर टक्के नैसर्गिक आहे. क्रॅनबेरीत बेंझोइक आम्ल निसर्गतःच असतं. नायट्राइट हा मांसातला परिरक्षक. काही ठिकाणी मांसाच्या पदार्थांवर ‘नायट्राइट घातलेलं नाही’ असं लिहून त्याऐवजी सेलरीच्या पाल्याची भुकटी वापरतात. पण त्या भुकटीतून शेवटी मिळतं ते नायट्राइटच, रेणू तोच.

तरीही लोकांचा अविश्वास आभाळातून पडलेला नाही. १९०० च्या आसपास दुधात फॉर्माल्डिहाइड आणि मांसात बोरॅक्स ही घातक रसायनं ते टिकावं म्हणून सर्रास घातली जात. १९०२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनतज्ज्ञ हार्वे वाइली यांनी तरुण स्वयंसेवकांना असे पदार्थ जेवणातून देऊन परिणाम नोंदवले. वृत्तपत्रांनी त्या तरुणांच्या गटाला विषाचं पथक म्हटलं. त्यातून उठलेल्या आवाजानं १९०६ चा अमेरिकेचा अन्नशुद्धतेचा कायदा यायला मदत झाली. आज जे नियम आहेत ते लोकांनी शंका घेतल्या म्हणून आहेत. शंका घेणाऱ्याला अडाणी म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

## ‘चालेल’ म्हणजे किती, हे ठरवतं कोण?

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांची एक तज्ज्ञ समिती १९५६ पासून हे काम करते. तिचं नाव जेक्फा. आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पाहतात की कोणत्या मात्रेपर्यंत काहीच अपाय दिसत नाही. मग त्या मात्रेला साधारणपणे शंभरानं भागतात: दहानं यासाठी की माणूस उंदरापेक्षा नाजूक असू शकतो, आणि आणखी दहानं यासाठी की काही माणसं इतरांपेक्षा नाजूक असतात. जे उरतं ते रोज, जन्मभर खाल्लं तरी चालेल असं प्रमाण.

हे समजलं की जुलै २०२३ मधल्या बातमीचा गोंधळ सुटतो. त्या महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संस्थेनं ॲस्परटेम या गोडी देणाऱ्या पदार्थाला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हटलं, आणि जेक्फानं त्याच दिवशी आधीचंच प्रमाण, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम, कायम ठेवलं. लोक म्हणाले, यांचं यांनाच कळत नाही. वास्तविक दोघांचे प्रश्न वेगळे होते. कर्करोग संस्था विचारते, विहीर खोल आहे का? जेक्फा विचारते, तुम्ही तिच्या काठापासून किती लांब उभे आहात? संस्थेनं वापरलेली श्रेणी ही पुरावा तोकडा असतानाची श्रेणी आहे. आणि अंतराचा हिशोब असा: ७० किलो वजनाच्या माणसानं ती मर्यादा ओलांडायला, बाकी कशातून ॲस्परटेम जात नसेल तर, दिवसाला अशा पेयाचे नऊ ते चौदा कॅन प्यायला हवेत.

याचा अर्थ ते पेय गुणकारी आहे असा नाही. त्याच वर्षी मे महिन्यात याच संघटनेनं वजन कमी करण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर भिस्त ठेवू नका असा सल्ला दिला होता. आणि फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना तर ॲस्परटेम थोड्या प्रमाणातही वर्ज्य आहे.

## तज्ज्ञ कधी चुकले नाहीत?

चुकले आहेत, आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं. विसाव्या शतकात तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून केलेली स्वस्त, टिकाऊ चरबी घराघरांत पोचली. त्यातल्या ट्रान्स फॅटमुळे हृदयविकार बळावतो हे १९९० पासूनच्या अभ्यासांतून स्पष्ट होत गेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं कारखान्यात तयार होणारी ट्रान्स फॅट अन्नातून हद्दपार करा असं आवाहन केलं ते २०१८ मध्ये. मधल्या काळात ती खाल्लेल्यांचं काय?

टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग युरोपनं २०२२ मध्ये अन्नातून बाद केला, कारण तो जनुकांना इजा करत नाही अशी खात्री तिथल्या तज्ज्ञांना देता येईना. जेक्फानं २०२३ मध्ये तोच तपासून चिंतेचं कारण दिसत नाही असं सांगितलं. अमेरिकेत एरिथ्रोसीन हा लाल रंग प्रसाधनांतून १९९० मध्येच गेला, अन्नातून काढण्याचा निर्णय मात्र जानेवारी २०२५ मध्ये झाला. ओठांना लावायला नको, पण मुलांच्या गोळ्यांत चालेल, अशी ती ३५ वर्षं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन इथल्या अभ्यासात सहा कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण प्यायलेल्या काही मुलांत चंचलपणा वाढलेला दिसला. परिणाम सगळ्या मुलांत सारखा नव्हता आणि दोष नेमका कुणाचा हेही ठरलं नाही. तरी २०१० पासून युरोपात या सहांपैकी कोणताही रंग घातलेल्या पदार्थावर तशी सूचना छापावी लागते. मला हा निर्णय योग्य वाटतो. रंगाशिवाय कुणाचं काही अडत नाही, मग थोडीशी शंकाही मुलानं का सोसावी? सल्फाइट या परिरक्षकाचंही असंच: बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना ते खाऊन धाप लागते. सुकवलेल्या फळांच्या पाकिटावर त्याचं नाव शोधणं त्यांच्यासाठी जरुरीचं आहे.

## जीव वाचवणारं आणि डोळ्यात धूळ फेकणारं

आता ती मघाची फोड. ॲडिटिव्ह दोन कारणांनी घातलं जातं. एक, अन्न बिघडू नये, त्यातून विषबाधा होऊ नये म्हणून. दुसरं, मुळात जे रुचकर, रंगीत किंवा दाट नाही ते तसं भासावं म्हणून. लोकांचा रोष बहुधा पहिल्यावर असतो. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं ठळक छापलेलं दिसलं की हात लगेच पुढे जातो, आणि त्याच पाकिटातले रंग, वास, डिंक नजरेतून सुटतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकाराची.

पहिल्या प्रकारातही तोलून पाहावं लागतं. मांसातलं नायट्राइट बोट्युलिनमला रोखतं, पण त्यातून नायट्रोसामाइन ही घातक संयुगं तयार होऊ शकतात. कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. नायट्राइट काढलं तर विषबाधेची भीती, ठेवलं तर ही. यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते मांस क्वचित खाणं.

दुसऱ्या प्रकाराबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटानं केलेला प्रयोग बोलका आहे. वीस माणसांना चार आठवडे तिथेच ठेवलं: दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात ॲडिटिव्ह घालून तयार केलेलं अन्न, दोन आठवडे साधं. पुढ्यात ठेवलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ, तंतू जुळवलेले होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. यात ॲडिटिव्हचा वाटा किती आणि अन्नाच्या मऊपणाचा, भरभर गिळता येण्याचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण एकेका पदार्थाला उंदरावर तपासून ‘सुरक्षित’ म्हणणारी आपली पद्धत या प्रश्नाला हातच घालत नाही. वीस पदार्थ एकत्र आले, रोज आले, आणि माणूस पोट भरूनही थांबेना, तर त्याचं माप कोणत्या मिलिग्रॅममध्ये काढणार?

आणि ज्याला कुणी ॲडिटिव्ह म्हणतही नाही ते मीठ. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा चमचा पुरता भरणार नाही इतकंच, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. तयार खाण्यातून ती सहज ओलांडली जाते, रक्तदाब वाढतो, आणि यादीतल्या कोणत्याही ‘ई’पेक्षा याचं नुकसान कितीतरी पक्कं सिद्ध झालेलं आहे. पाकीट उलटून पहिली नजर टाकायची तर मिठाच्या आणि साखरेच्या ओळीवर टाकावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, त्यामुळे पहिली तीन नावं पाहिली तरी आपण मुख्यतः काय खातोय ते कळतं.

## छापलेली तारीख कशाची असते?

दोन वेगळ्या तारखा असतात आणि त्यांची गल्लत झाल्यानं चांगलं अन्न कचऱ्यात जातं. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही दर्जाची तारीख: त्यानंतर बिस्किट कदाचित सादळेल, डब्यातल्या अन्नाची चव थोडी उतरेल, पण तारीख उलटली म्हणून ते विष होत नाही. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेची तारीख: ताजं मांस, मासे, नाजूक थंड पदार्थ यांच्यावर ती असते, आणि तिथे वास घेऊन ठरवू नये.

दोन्ही तारखा न उघडलेल्या पाकिटाच्या आहेत. खोक्यातल्या दुधाचा कोपरा कापला की हवेतले जंतू आत जातात, आणि तिथे त्यांना अडवायला परिरक्षक नसतोच. त्या क्षणापासून ते साधं दूध असतं. ते फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं, मग खोक्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख असली तरी.